अस्थिमज्जेतील शोध

प्रस्तावना

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण तुमच्या परिचयाची आहे. एक शीत बोटांनी दाबून पाहिले, की सगळा भात शिजला आहे की नाही हे कळते. भांड्यातला भात सर्वत्र सारखाच शिजतो, या अनुभवावर ही म्हण उभी आहे. परंतु जेथे सर्व काही सारखे नसते, तेथे एका शितावर किती विश्वास ठेवावा? लहान मुलांच्या शरीरात वाढलेल्या कर्करोगाच्या गाठीतील पेशी हाडांच्या आत, अस्थिमज्जेपर्यंत पोहोचल्या आहेत काय, याचा शोध घेणाऱ्या वैद्यकापुढे हाच प्रश्न उभा असतो.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर शास्त्रीय लेख आहे. त्यातील पारिभाषिक शब्द पाठ करण्याची आवश्यकता नाही. शास्त्रज्ञ पुरावा कसा गोळा करतात आणि त्यावरून निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडतात, याकडे वाचताना लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• अस्थिमज्जेचे कार्य आणि तेथे होणारा कर्करोगाचा प्रसार यांविषयी माहिती सांगता येईल;
• तपासणीच्या विविध पद्धतींची तुलना करता येईल;
• 'नाही' आणि 'आढळले नाही' या विधानांतील फरक स्पष्ट करता येईल;
• शास्त्रीय लेखनातील शब्दयोजनेची वैशिष्ट्ये ओळखता येतील.

मूळ पाठ

१. हाडांच्या आतले जग

हाड बाहेरून कठीण आणि निर्जीव वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पोकळीत मऊ, रक्ताने भरलेला एक जिवंत पदार्थ असतो. त्यालाच अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका येथेच तयार होतात. प्रौढ माणसाच्या मज्जेत दररोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी जन्माला येतात. प्रौढांमध्ये रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मुख्यत्वे पाठीचा कणा, कंबर, छाती आणि कवटी यांच्या हाडांत उरते. लहान मुलांमध्ये मात्र ती हातापायांच्या लांब हाडांतही पसरलेली असते.

जेथे रक्त तयार होते, तेथून ते सर्व शरीरभर जाते आणि शरीरभर फिरलेले रक्त तेथे परतही येते. मज्जेतील रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असतात आणि तेथील प्रवाह संथ असतो. त्यामुळे रक्ताबरोबर वाहत आलेल्या परक्या पेशीला तेथे थांबण्यास वाव मिळतो.

२. बीज आणि भूमी

स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. रोग शरीरात वाटेल तेथे पसरत नाही, काही अवयवांतच तो वारंवार आढळतो, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने शेतीतील दृष्टांत योजला. वनस्पतीचे बी सर्व दिशांना उडते; परंतु ते रुजते मात्र अनुकूल भूमीतच.

मुलांच्या कर्करोगांतही हेच दिसते. विल्म्स अर्बुद हा मूत्रपिंडाचा कर्करोग प्रामुख्याने फुप्फुसांत पसरतो, अस्थिमज्जेत क्वचितच. म्हणून या रोगात मज्जेची तपासणी नेहमीची मानली जात नाही. याउलट, न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाची आवडती भूमी अस्थिमज्जाच आहे.

न्यूरोब्लास्टोमा हा मज्जातंतूंच्या अपरिपक्व पेशींचा कर्करोग होय. गर्भावस्थेत ज्या पेशींपासून पुढे अनुकंपी मज्जासंस्था आणि अधिवृक्क ग्रंथीचा गाभा घडावयाचा, त्यांतील काही पेशी परिपक्व न होता वाढतच राहतात. बहुतेक रुग्ण ५ वर्षांखालील असतात. गाठ पुष्कळदा पोटात, मूत्रपिंडाच्या वर असते. तरीही मूल कधी लंगडू लागते, कधी त्याची हाडे दुखतात, कधी डोळ्यांभोवती काळेनिळे वळ उठतात. मज्जेत परक्या पेशींची गर्दी झाली, की रक्त तयार होण्याचे काम मंदावते आणि मूल फिके पडते. निदानाच्या वेळी सुमारे निम्म्या मुलांमध्ये हा रोग दूरवर पसरलेला असतो. म्हणून गाठ सापडल्यावर पहिला प्रश्न येतो तो मज्जेचा.

पाठगत प्रश्न – १
(अ) पॅजेटने 'बीज' आणि 'भूमी' हे शब्द कशासाठी योजले?
(आ) विल्म्स अर्बुदात मज्जेची तपासणी नेहमी का केली जात नाही?

३. सुई आणि काचपट्टी

पूर्वी जिवंत माणसाची मज्जा पाहावयाची तर शस्त्रक्रिया करून हाड उघडावे लागे. १९२७ मध्ये लेनिनग्राड येथील मिखाईल आरिनकिन या वैद्याने छातीच्या मधल्या हाडात सुई टोचून मज्जा ओढून घेण्याची सोपी रीत दाखविली. पुढे १९७१ मध्ये खोसरो जमशिदी यांनी टोकाशी निमुळती होणारी पोकळ सुई तयार केली. तिच्यामुळे हाडाच्या आतील गाभ्याचा अखंड तुकडा न चुरडता बाहेर काढता येऊ लागला. आज मुलांची ही तपासणी कमरेच्या हाडाच्या मागील कडेवर, भूल देऊन केली जाते.

येथे दोन प्रकारचे नमुने घेतले जातात. पहिला द्रव नमुना. तो काचपट्टीवर पातळ पसरवून रंगवतात. त्यात एकेक पेशी स्पष्ट दिसते. दुसरा हाडाच्या गाभ्याचा तुकडा. त्यात पेशींची मूळ मांडणी कायम राहते. परक्या पेशी घट्ट पुंजक्यांनी चिकटून बसल्या असतील तर त्या द्रवात ओढल्या जात नाहीत. गाभ्याच्या तुकड्यात मात्र सापडतात. म्हणून एक नमुना दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आता प्रस्तावनेतील म्हणीकडे वळू. मज्जेतील प्रसार भातासारखा सर्वत्र सारखा नसतो. तो ठिगळाठिगळांनी होतो. कमरेच्या उजव्या बाजूला पुंजके असताना डावी बाजू निर्मळ असू शकते. हे ओळखून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनी दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक द्रव नमुना व एक गाभ्याचा तुकडा, असे चार नमुने घेण्याचे ठरविले. गाभ्याच्या तुकड्यात, कूर्चा वगळून, किमान १ सेंटिमीटर मज्जा असली पाहिजे, असेही सांगितले. या चारांपैकी एकातही कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर मज्जेत प्रसार झाला आहे, असे मानतात. प्रसार आढळला नाही असे म्हणण्यासाठी मात्र चारही नमुने निर्मळ असावे लागतात. 'आहे' म्हणण्यास एक पुरावा पुरतो. 'नाही' म्हणण्यास अनेक ठिकाणी पाहावे लागते.

काचपट्टीवरील परीक्षाही सोपी नाही. जेम्स होमर राइट या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये रक्तपेशी रंगविण्याची जी कृती दिली, ती आजही त्याच्या नावाने वापरात आहे. त्यानेच १९१० मध्ये या रोगाला 'न्यूरोब्लास्टोमा' हे नाव दिले. मधोमध बारीक तंतूंचे जाळे आणि भोवती पेशींचे कडे, अशी या पेशींची लक्षणीय रचना त्याने वर्णन केली. असे कडे दिसले की ओळख पटते. पण सुटी पेशी दिसली तर? ती लहान, गोल आणि निळी दिसते. इतर अनेक बालकर्करोगांच्या पेशीही लहान, गोल आणि निळ्याच दिसतात. इतकेच नव्हे, तर निरोगी मुलाच्या मज्जेतील काही कोवळ्या पेशीही तशाच असतात. हजार पेशींत एखादी परकी पेशी असेल, तर केवळ रूपावरून ती ओळखणे कुशल डोळ्यांनाही कठीण जाते.

४. लाखात एक

रूपावरून ओळख पटत नसेल तर खूण शोधावी लागते. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींच्या पृष्ठभागावर जीडी-२ नावाचा पदार्थ विपुल असतो. त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार करून, त्याला प्रकाशमान रंजक जोडून मज्जेच्या नमुन्यावर टाकतात. खूण बाळगणारी पेशी काळोखातल्या काजव्यासारखी उजळते. या पद्धतीने लाखात एक, अनुकूल स्थितीत दहा लाखांत एक पेशीही शोधता येते. पुढे याच खुणेचा उपयोग उपचारासाठीही झाला. जीडी-२ वर नेम धरणाऱ्या प्रतिपिंडाच्या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरी पद्धत पेशी न पाहताच तिचा माग काढते. प्रत्येक पेशीत तिच्या जनुकांचे संदेश आरएनए या रेणूच्या रूपाने फिरत असतात. फॉक्स-२बी या जनुकाचा संदेश मज्जातंतूंच्या पेशींत असतो. निरोगी मज्जेतील पेशींत तो जवळजवळ नसतोच. त्या संदेशाच्या असंख्य प्रती तयार करून त्यांचे मापन केले, की दहा लाखांत एक एवढ्या विरळ पेशींचाही सुगावा लागतो. मात्र हा संदेश नाजूक असतो. नमुना योग्य रीतीने जपला नाही तर तो नष्ट होतो. शिवाय या तपासण्या सर्व रुग्णालयांत उपलब्ध नसतात.

तिसरी पद्धत सर्व शरीराचे चित्र घेते. एमआयबीजी हा पदार्थ मज्जातंतूंच्या संप्रेरकासारखा असल्यामुळे न्यूरोब्लास्टोमाच्या बहुतेक गाठी तो शोषून घेतात. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून मुलाला टोचतात आणि विशेष कॅमेऱ्याने तो कोठे साठला आहे हे पाहतात. सुईला एका जागेचे खोल दर्शन होते; कॅमेऱ्याला सर्व हाडांचे, पण वरवरचे. विखुरलेल्या थोड्या पेशी त्याला दिसत नाहीत. त्यामुळे या सर्व पद्धती एकमेकींना पूरक ठरतात.

५. न दिसलेल्या पेशी

इतक्या विरळ पेशींचा शोध घेण्याची खरोखर गरज आहे काय? या प्रश्नाचे उत्तर १९९४ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातून मिळाले. तीव्र औषधोपचारांनी मज्जा नष्ट होते. म्हणून त्या काळी उपचारापूर्वी मुलाचीच मज्जा काढून ठेवत आणि नंतर ती परत देत. रोग आटोक्यात आल्यावर काढलेल्या अशा मज्जेतील पेशींना संशोधकांनी एक जनुकीय खूण जोडली. पुढे काही मुलांमध्ये रोग उलटला, तेव्हा कर्करोगाच्या पेशींत तीच खूण सापडली. रोग शमलेल्या, निर्मळ वाटलेल्या मज्जेतूनच काही पेशी मुलाच्या शरीरात परत गेल्या होत्या.

याचा अर्थ, मज्जेत पेशी सापडल्या की सारे संपले, असा मात्र नव्हे. एक वर्षाखालील काही बाळांमध्ये हा रोग यकृत, त्वचा आणि मज्जा यांत पसरलेला असूनही पुष्कळदा आपोआप ओसरतो. १९८८ च्या आणि १९९३ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात अशा बाळांसाठी वेगळा गट केला गेला. मज्जेतील कर्करोगाच्या पेशींचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असावे, अशी त्यासाठी अट होती. २००९ मधील नव्या वर्गीकरणाने वयाची मर्यादा १८ महिन्यांपर्यंत वाढविली. म्हणजे मोजणीतील फरकाने उपचाराची दिशाच बदलू शकते. एका बाळावर केवळ लक्ष ठेवावयाचे आणि दुसऱ्याला अतिशय कडक औषधे द्यावयाची, हा निर्णय अंशतः काचपट्टीवरील गणनेवर अवलंबून असतो. कमी मोजले तर रोग निसटतो. अधिक मोजले तर बाळाला नाहक यातना होतात.

२०१७ मध्ये उपचारांचा परिणाम ठरविण्याचे आंतरराष्ट्रीय निकष सुधारण्यात आले. मज्जेतील प्रसार ५ टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल, तर त्याला 'अल्प रोग' असे स्वतंत्र नाव मिळाले. 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांमध्ये जे राहून जात होते, त्याला शब्द मिळाला.

तपासणीच्या अहवालात जबाबदार विकृतिशास्त्रज्ञ 'मज्जेत कर्करोगाच्या पेशी नाहीत' असे लिहीत नाही. 'तपासलेल्या नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' असे तो लिहितो आणि नमुने किती, कोठून घेतले व कसे तपासले हेही नोंदवितो. हा केवळ भाषेचा काटेकोरपणा नव्हे. पुढे आणखी कोठे पाहावयाचे, हे त्या एका वाक्यावरून ठरते आणि त्या ठरण्याशी एका मुलाचे आयुष्य जोडलेले असते.

पाठगत प्रश्न – २
(अ) मज्जेचे चार नमुने का घेतात?
(आ) सुई आणि कॅमेरा या दोन साधनांच्या मर्यादा एकेका वाक्यात सांगा.
(इ) १९९४ च्या संशोधनातून कोणती गोष्ट सिद्ध झाली?

शब्दार्थ

अर्बुद – पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेली गाठ
बिंबिका – रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातील सूक्ष्म घटक
अधिवृक्क ग्रंथी – मूत्रपिंडाच्या वर असणारी ग्रंथी
विकृतिशास्त्रज्ञ – रोगामुळे पेशींत झालेले बदल तपासणारा तज्ज्ञ
कूर्चा – हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती
प्रतिपिंड – विशिष्ट पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन
रंजक – रंग देणारा पदार्थ

भाषाभ्यास

१. 'मज्जा' हा शब्द पाठात दोन अर्थांनी आला आहे. 'अस्थिमज्जा' म्हणजे हाडातील मऊ पदार्थ. तर 'मज्जातंतू', 'मज्जासंस्था' या शब्दांत त्याचा संबंध मेंदू व संवेदना यांच्याशी आहे. आयुर्वेदातील सप्तधातूंत 'अस्थी'नंतर 'मज्जा' येते, ती पहिल्या अर्थाने. बोलीभाषेत तर 'मज्जा' म्हणजे मौज! शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो, तो असा.

२. मराठीत 'हाड' या शब्दावरून अनेक प्रयोग रूढ आहेत. 'हाडाचा शिक्षक' म्हणजे ज्याच्या वृत्तीतच शिक्षकपण आहे असा शिक्षक. 'हाडाची काडे करणे' म्हणजे अतिशय कष्ट उपसणे. हाड हे माणसाच्या अगदी आतले, टिकाऊ असे काही, ही कल्पना अशा प्रयोगांमागे आहे.

३. पुढील वाक्ये पाहा :
(क) घरात कोणी नाही.
(ख) घरात कोणी दिसले नाही.
पहिले वाक्य वस्तुस्थितीविषयी ठाम विधान करते. दुसरे वाक्य पाहणाऱ्याच्या अनुभवापुरते बोलते. शास्त्रीय लेखनात 'दिसले', 'आढळले', 'मानतात', 'संभव असतो' अशी क्रियापदे येतात, ती विधानाची मर्यादा दाखविण्यासाठी.

तुम्ही काय शिकलात

• अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करते. न्यूरोब्लास्टोमा हा मुलांचा कर्करोग तेथे वारंवार पसरतो.
• हा प्रसार सर्वत्र सारखा नसल्यामुळे एकाच नमुन्यावर विसंबता येत नाही.
• सूक्ष्मदर्शक, प्रतिपिंड, जनुकीय संदेश आणि शरीरचित्रण या पद्धती परस्परपूरक आहेत.
• पेशी आहेत की नाहीत याबरोबरच त्या किती आहेत आणि मुलाचे वय काय, हेही महत्त्वाचे असते.
• 'आढळले नाही' हे विधान 'नाही' या विधानाहून वेगळे आणि अधिक प्रामाणिक असते.

पाठांत प्रश्न

१. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण अस्थिमज्जेच्या तपासणीला का लागू पडत नाही, ते सविस्तर लिहा.
२. द्रव नमुना आणि गाभ्याचा तुकडा यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'मोजणीतील फरकाने उपचाराची दिशाच बदलू शकते,' या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
४. 'काळोखातल्या काजव्यासारखी उजळते' या उपमेचे सौंदर्य तुमच्या शब्दांत सांगा.
५. पुढील ठाम विधाने मर्यादा दाखविणाऱ्या विधानांत बदला :
(अ) या विहिरीचे पाणी शुद्ध आहे. (आ) ग्रंथालयात ते पुस्तक नाही.
६. तुमच्या मातृभाषेत 'शितावरून भाताची परीक्षा' या अर्थाची म्हण असल्यास ती लिहा आणि तिचा मराठीत अर्थ सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कर्करोगाच्या पेशींसाठी 'बीज' आणि त्या जेथे रुजतात त्या अवयवासाठी 'भूमी'. (आ) तो रोग मज्जेत क्वचितच पसरतो म्हणून.
२. (अ) मज्जेतील प्रसार ठिगळाठिगळांनी होतो आणि द्रव नमुना व गाभ्याचा तुकडा यांतून वेगवेगळी माहिती मिळते म्हणून. (आ) सुईला फक्त एका जागेचे दर्शन होते. कॅमेऱ्याला विखुरलेल्या थोड्या पेशी दिसत नाहीत. (इ) निर्मळ वाटलेल्या मज्जेतही कर्करोगाच्या पेशी असू शकतात आणि त्यांच्यापासून रोग उलटू शकतो.